नागपुरात राहून धर्मांचा तौलनिक अभ्यास: प्रवेशापासून शोधप्रबंधापर्यंतची वाट

थिऑलॉजी, जगातले धर्म किंवा आंतरधर्मीय संवाद या विषयांत एम.ए. करावं असं मनात असलेली मुलंमुली मला अधूनमधून विचारतात: प्रवेश कुठे मिळतो, पुढे काय होतं, आणि घरच्यांना काय सांगायचं? माहिती विखुरलेली आहे. विद्यापीठाच्या खिडकीवर एक उत्तर मिळतं, सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, दुसरं, आणि परदेशी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत आपल्या परिस्थितीचा विचारच नसतो. मी उत्तर नागपुरातल्या बौद्ध घरातली. तत्त्वज्ञानात एम.ए. केलं आणि शोधप्रबंध लिहिला मृत्यूनंतरच्या प्रार्थनांवर. त्या वाटेवर जे कळलं ते क्रमाने मांडते आहे.

या अभ्यासासाठी नागपूर फार सोयीचं आहे, ही गोष्ट आपल्याच लोकांना कमी ठाऊक असते. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी सगळ्यांना माहीत आहे. पण सहा प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेही नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० ला, ऑल सेंट्स कॅथिड्रलमध्ये. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. सेमिनरी हिल्सला नाव ज्या सेमिनरीमुळे पडलं तिथे आजही फादर घडतात. उमरेड रोडवर ताजबागेत ताजुद्दीन बाबांचा दर्गा, धंतोलीत रामकृष्ण मठ, कामठीत ड्रॅगन पॅलेस, रामटेकला गडावरचं राममंदिर आणि खाली शांतिनाथाचं जैन मंदिर. दुसऱ्या शहरातल्या विद्यार्थ्याला यातल्या निम्म्या ठिकाणांसाठी रेल्वेचं तिकीट काढावं लागेल.

१. आधी ठरवा: आतून शिकायचं की बाहेरून

माहितीपत्रकं मागवण्याआधी हा प्रश्न सोडवा. थिऑलॉजी म्हणजे एखाद्या श्रद्धेच्या आत उभं राहून, तिचे ग्रंथ प्रमाण मानून केलेला विचार. धर्मांचा तौलनिक अभ्यास बाहेरून होतो: लोक काय मानतात, काय करतात, ते कसं बदलत गेलं. आंतरधर्मीय संवादाचा अभ्यास या दोन्हींच्या मध्ये येतो. तिथे तुमची स्वतःची भूमिका असते, समोरच्याची असते, आणि एकमेकांचं ऐकून दोघांच्या समजुतीत काय फरक पडतो हाच अभ्यासाचा विषय असतो.

माझ्याच विषयाचं उदाहरण घ्या. जिवंत माणसाला मेलेल्यासाठी काही करता येतं का? सेमिनरीतला विद्यार्थी विचारेल, आमच्या शास्त्रवचनांनुसार आणि परंपरेनुसार अशी प्रार्थना योग्य आहे का? धर्म-अभ्यासाचा विद्यार्थी विचारेल, नागपुरातली कुटुंबं तिसऱ्या, तेराव्या, चाळिसाव्या दिवशी काय करतात आणि त्यातून नाती कशी सांभाळली जातात? संवादाचा विद्यार्थी या दोन्ही प्रश्नांसह एखाद्या ख्रिस्ती आजीसमोर बसेल, आणि तिचं उत्तर ऐकल्यावर आपल्या घरच्या उत्तराकडे पुन्हा पाहील.

तुम्ही यातलं कोण, हे एका कागदावर पाच-सहा ओळींत लिहून ठेवा. पुढे हेतुपत्र (हा अभ्यास का करायचा ते सांगणारं पत्र), शोधप्रस्ताव, मुलाखत, सगळीकडे याच ओळी कामी येतात. पदवीचं नाव आकर्षक वाटलं म्हणून प्रवेश घेणारे दुसऱ्या सत्रात अडकलेले मी पाहिले आहेत. त्यांना हवी होती चर्चा आणि अभ्यासक्रमात होतं पाली व्याकरण, किंवा नेमकं उलटं.

२. नागपुरात कोणत्या दाराने आत जाता येतं

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या विषययादीत ‘आंतरधर्मीय संवाद’ हे नाव शोधत बसू नका. ज्या विभागांतून हा अभ्यास करता येतो ते असे: तत्त्वज्ञान, पाली आणि बौद्ध अध्ययन, आंबेडकर विचारधारा, संस्कृत, आणि प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व. मुख्य विषय यांपैकी एक घ्यायचा आणि शोधप्रबंधाचा विषय संवादाकडे न्यायचा. नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धती आणि संशोधन प्रकल्पाला चांगली जागा आहे, तिचा उपयोग करून घ्या.

माझं मत विचाराल तर, तर्क करायची आवड असेल तर तत्त्वज्ञान, मूळ ग्रंथ वाचायची ओढ असेल तर पाली किंवा संस्कृत, आणि धर्म व समाज यांच्या संबंधाने अस्वस्थ होत असाल तर आंबेडकर विचारधारा. अर्ज भरण्याआधी कॅम्पसवर जाऊन विभागातल्या शिक्षकांना भेटा आणि थेट विचारा: अशा विषयाला मार्गदर्शन कोण करेल? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसऱ्या विभागात जा. या विषयात विभागाच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा ठरतो.

संस्कृतच्या बाजूने यायचं असेल तर रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ जवळ आहे. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात भदंत आनंद कौसल्यायन यांच्या नावाचं बौद्ध अध्ययन केंद्र आहे. हे केंद्रीय विद्यापीठ असल्याने तिथली प्रवेशप्रक्रिया वेगळी चालते. नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, तत्त्वज्ञानातलं एम.ए. आहे आणि इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. दूरशिक्षणात सोबतीला वर्ग नसतो, तेव्हा संवादासाठीचा गट तुम्हालाच जमवावा लागेल. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

सेमिनरीतलं शिक्षण मुख्यतः धर्मगुरू होणाऱ्यांसाठी असतं. बाहेरच्या विद्यार्थ्याला तिथे पदवी मिळेल अशी अपेक्षा धरू नका. पण विभागप्रमुखांचं पत्र घेऊन ग्रंथालयात बसायची परवानगी अवश्य मागा.

३. नागपूरबाहेर जायचं असेल तर

ख्रिस्ती थिऑलॉजीची पदवीच हवी असेल तर सेरामपूरची व्यवस्था समजून घ्या. कोलकात्याजवळचं सेरामपूर कॉलेज १८१८ मध्ये विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी सुरू केलं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. आज देशभरातली अनेक थिऑलॉजिकल कॉलेजं त्याच्या सिनेटशी संलग्न आहेत. तिथे आधी बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) आणि मग एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) अशी चढण असते, आणि एम.टीएच.मध्ये ‘रिलिजन्स’ ही स्वतंत्र शाखा आहे. साधं बी.ए. करून थेट एम.टीएच.ला प्रवेश मिळेल या समजुतीत राहू नका.

पुण्यात कॅथलिक परंपरेतलं ज्ञानदीप विद्यापीठ आहे. १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडीत ते सुरू झालं आणि १९५५ मध्ये पुण्याला आलं. पुण्यातलीच युनियन बिब्लिकल सेमिनरी मूळची आपल्या यवतमाळची, १९८३ मध्ये तिकडे गेली. बनारस हिंदू विद्यापीठ, पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाचा धर्म-अभ्यास विभाग आणि राजगीरचं नालंदा विद्यापीठ हे तीन पर्यायही पाहा. नालंदात बौद्ध अध्ययन, तत्त्वज्ञान आणि तौलनिक धर्म असं एकत्रित एम.ए. आहे आणि वर्गात परदेशी विद्यार्थी असतात. या विषयासाठी ती मोठीच जमेची बाजू.

परदेशात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधलं आयरिश स्कूल ऑफ एक्युमेनिक्स, एडिनबरोचं न्यू कॉलेज आणि अमेरिकेतलं हार्टफर्ड इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी ही नावं या क्षेत्रात मानाची आहेत. जिनिव्हाजवळ बोसे इथे वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसची संस्था १९४६ पासून चालते. तिथे वेगवेगळ्या धर्मांचे तरुण एकत्र राहून शिकतात असे छोटे अभ्यासक्रमही होत आले आहेत.

इथे एक सापळा आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. आपल्याकडच्या अनेक मुलांचा विषय नेमका याच चौकटीत पडतो. त्यामुळे त्या त्या वर्षीची नियमावली पूर्ण वाचल्याशिवाय शिष्यवृत्तीच्या भरवशावर प्रवेश पक्का करू नका. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वेगळी आहे. तिच्या अटी, विशेषतः विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट, वेगळ्याने तपासा.

आणि कुठेही प्रवेश घेण्याआधी संस्थेला लेखी विचारा: ही पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेत बसते का, आणि पुढे पीएच.डी.साठी कोणत्या विद्यापीठाने ती स्वीकारली आहे? तोंडी उत्तरावर जाऊ नका, ईमेलवर घ्या.

४. कागदपत्रं

* दहावी, बारावी, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र
* शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र
* आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक)
* अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला
* जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर
* मध्ये खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र
* परदेशासाठी: पासपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा), दोन-तीन शिफारसपत्रं, हेतुपत्र, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण

नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, हे डोक्यात ठेवून एप्रिलमध्येच सेतू केंद्र गाठा. निकालानंतर तिथे रांगच रांग असते.

बौद्ध विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विशेष पाहावी. राज्याचा जात प्रमाणपत्राचा नमुना आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळू लागल्या, पण केंद्रीय विद्यापीठात राज्याचा नमुना दिला तर अर्ज अडकतो. वर्धा, नालंदा, बनारस यांपैकी कुठेही जायचं असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. ट्रान्सक्रिप्टलाही वेळ लागतो. पदवीचं शेवटचं वर्ष सुरू असतानाच चौकशी करा.

५. भाषा: उशीर करू नका

मुख्य ग्रंथ अनुवादातून वाचता येतात, आणि सुरुवात मराठीतूनच करावी. पण प्रवेशाच्या आधीचे तीन-चार महिने एका भाषेला द्या. बौद्ध परंपरेसाठी पाली. ती मराठी माणसाला झपाट्याने येते, शिवाय नागपुरात शिकवणारे पुष्कळ आहेत. इस्लामचा अभ्यास करायचा असेल तर अरबी लांबचा पल्ला आहे, उर्दू लिपी मात्र काही आठवड्यांत वाचता येते. मोमिनपुऱ्यात किंवा ताजबागेत उर्दू अक्षर ओळखणाऱ्या विद्यार्थ्याशी लोक निराळ्या आपुलकीने बोलतात, हा माझा अनुभव आहे. ख्रिस्ती बाजूसाठी इंग्रजी आणि मराठी बायबल शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. ग्रीक नंतर पाहता येईल.

शोधप्रबंध मराठीत लिहायचा असेल तर माध्यमाची परवानगी सुरुवातीलाच विचारून घ्या.

६. विषय नाही, प्रश्न निवडा

‘बौद्ध आणि ख्रिस्ती धर्मातील साम्य-भेद’ हा विषय घेऊन आलात तर शेवटी दोन रकाने हाती राहतील: करुणा इकडे, प्रेम तिकडे. असे प्रबंध खूप झाले आहेत आणि ते कुणी वाचत नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांना आजही पडतो असा एकच प्रश्न घ्या.

माझा प्रश्न घरातूनच आला. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी प्रतिज्ञा सांगते की मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. आमच्या घरात ती कसोशीने पाळली जाते. आणि त्याच घरात कुणी गेलं की भन्ते (बौद्ध भिक्खू) येतात, वंदना होते, दान दिलं जातं आणि पुण्यानुमोदन होतं, म्हणजे त्या दानाचं पुण्य गेलेल्याला अर्पण केलं जातं. पालीतलं तिरोकुड्ड सुत्त वाचलं तेव्हा दिसलं की गेलेले नातेवाईक भिंतीबाहेर, उंबऱ्याशी उभे आहेत आणि त्यांच्यासाठी दिलेलं दान त्यांना पोचतं असं ते सांगतं. मग प्रतिज्ञेने नाकारलं ते नेमकं काय, आणि सुत्ताने स्वीकारलं ते काय? पिंडदान आणि पुण्यदान यांत फरक आहे तो कोणता? काहींच्या मते मध्यस्थ पुरोहित गेला हाच मोठा फरक. काही जण सांगतात की पुण्यानुमोदन हे जिवंतांच्या मनासाठी असतं. तिरोकुड्ड सुत्त नवयान, म्हणजे बाबासाहेबांच्या मार्गाने जाणाऱ्या, बौद्धांनी म्हणूच नये, असं मानणारेही भेटले.

हा प्रश्न घेऊन शेजारी गेले तेव्हा तिथेही एकमत नव्हतं. कॅथलिक घरात २ नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस पाळतात, कबरीवर मेणबत्त्या लावतात, गेलेल्यांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करतात. प्रॉटेस्टंट परंपरेत सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेपासून हे नाकारलं गेलं. तिथली प्रार्थना देवाचे आभार मानण्यासाठी आणि मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी असते. मुस्लिमांत जनाज्याची नमाज (दफनाआधीची प्रार्थना) ही समाजावरची सामूहिक जबाबदारी आहे. पण पुढचा फातिहा (मृतासाठीचं कुराणपठण), चाळिसावा दिवस आणि पुण्य मृताला पोचवणं यावर बरेलवी, देवबंदी आणि अहले हदीस या मुस्लिम विचारप्रवाहांचे मतभेद तीव्र आहेत. जैन शेजाऱ्यांनी सांगितलं की जीव लगेच दुसरा देह धारण करतो, मग श्राद्ध पोचवायचं कुणाला?

एवढ्यावरून एक गोष्ट लक्षात येईल. मतभेदाची रेघ धर्माधर्मांच्या मधून जितकी जाते तितकीच प्रत्येक धर्माच्या आतूनही जाते. आपला प्रश्न खरा आहे की नाही हे तपासायचं असेल तर तो एकाच धर्माच्या दोन माणसांना विचारा. त्यांच्यात वाद झाला तर प्रश्न घेण्यासारखा आहे.

७. सेवाग्राम आणि दीक्षाभूमी, दोन्ही सोबत घ्या

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण नागपूरच्या विद्यार्थ्याने इथे कच्चं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम. १९३६ पासून गांधीजी तिथे राहिले. आश्रमातल्या प्रार्थनेत उपनिषद, कुराण, पारशांचा झेंद अवेस्ता आणि जपानी बौद्ध मंत्र एकामागून एक येतात. पलीकडे पवनारला विनोबांनी हाच विचार ग्रंथांतून पुढे नेला. कुराणाचं सार, ख्रिस्ती धर्माचं सार, धम्मपदाची नवी मांडणी त्यांनी केली, आणि त्यांच्याच आग्रहाने १९७४ च्या सुमारास जैनांच्या सर्व पंथांना मान्य होईल असं ‘समणसुत्तं’ तयार झालं. सगळ्या धर्मांत सत्य आहे, म्हणून सगळ्यांबद्दल समान आदर, ही ती भूमिका.

दीक्षाभूमी दुसरी भूमिका मांडते. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि पुढची एकवीस वर्षं त्यांनी धर्म पारखले. धर्म माणसाला काय देतो, न्याय देतो का, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांच्या कसोटीवर उतरतो का, हे त्यांनी विचारलं आणि उत्तर मिळाल्यावर निर्णय घेतला. सगळे धर्म सारखेच चांगले, हे त्यांना मान्य नव्हतं.

आंतरधर्मीय संवादाचे बहुतेक कार्यक्रम पहिल्या भूमिकेवर चालतात. पाच धर्मांचे पाच प्रतिनिधी येतात, दीपप्रज्वलन होतं, प्रत्येक जण आपला धर्म शांती शिकवतो असं सांगतो, चहा होतो. यात वाईट काही नाही. पण जातीचा, स्त्रियांचा, धर्म सोडण्याच्या अधिकाराचा प्रश्न तिथे कुणी काढत नाही, आणि तो न काढता नागपुरात धर्मावर बोलणं म्हणजे अर्ध्याहून अधिक शहराला बाहेर ठेवणं. उलट केवळ कसोटी घेऊन गेलात तर समोरचा माणूस आरोपी होतो आणि बोलायचं थांबवतो. आदर एवढा हवा की समोरचा मोकळा होईल, आणि प्रश्न एवढा खरा हवा की त्याचं उत्तर देणं दोघांनाही जड जाईल. मला या अभ्यासातून जे मिळालं ते या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्यामुळे मिळालं.

म्हणून पहिल्या सत्रातच एक संध्याकाळ सेवाग्रामच्या प्रार्थनेला जा आणि एक सकाळ दीक्षाभूमीच्या स्तूपात बसा. नंतर दोन्हींवर दोन-दोन पानं लिहा. वर्गात हे कुणी सांगत नाही.

संवादाच्या सिद्धान्तात याच ताणाची दुसरी नावं भेटतील. ख्रिस्ती थिऑलॉजीचे अभ्यासक ॲलन रेस यांनी १९८३ मध्ये मांडलेली तीन गटांची विभागणी सगळीकडे शिकवतात: माझाच मार्ग खरा, माझा मार्ग पूर्ण आणि इतरांत त्याचा अंश, सगळे मार्ग खरे. परीक्षेसाठी ती पाठ करा. पण आंबेडकर या तिन्हींत बसत नाहीत हे उत्तरपत्रिकेत लिहायचं धाडस करा. चांगल्या परीक्षकाला ते आवडतं.

८. माणसांकडे जाताना

पत्र सोबत हवंच. विभागप्रमुखांच्या सहीचं, तुमचं नाव आणि अभ्यासाचा विषय सांगणारं, मराठी आणि हिंदीत. सध्याच्या वातावरणात दुसऱ्या धर्माच्या वस्तीत प्रश्न विचारणाऱ्या अनोळखी माणसावर संशय येतो. हा धर्मांतराला आला की माहिती काढायला? पत्र दाखवलं, घरचा पत्ता सांगितला की लोक निवळतात. सोबत साधं संमतीपत्र ठेवा: नाव छापायचं का, आवाज मुद्रित करायचा का, नंतर माघार घेता येईल का. सही घेण्याआधी ते वाचून दाखवा.

वेळ सांभाळा. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा तास मागू नका. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात फादरना वेळ नसतो. दीक्षाभूमीवरच्या अशोक विजयादशमीच्या आणि दर्ग्यावरच्या उर्साच्या (बाबांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाच्या) गर्दीत निरीक्षण करा, मुलाखती घेऊ नका. याउलट वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, भन्ते एका विहारात मुक्कामी असतात, आणि चातुर्मासात जैन साधू-साध्वी एका गावी थांबतात. तेव्हा निवांत बोलणं होतं. काही जैन परंपरांत साधूंना विजेची साधनं चालत नाहीत, म्हणून फोन बाहेर काढण्याआधी विचारा. स्त्रीने साधूला आणि पुरुषाने साध्वीला स्पर्श करायचा नसतो, वस्तूही हातात देऊ नये.

दर्ग्यात आणि गुरुद्वारात डोकं झाका. कॅथलिक मिस्साला बसता येतं, पण पवित्र भाकर घ्यायला रांगेत उभं राहू नका, ती त्या समाजाच्या सदस्यांसाठी असते. पारशी अग्यारीत (अग्निमंदिरात) बिगरपारशांना प्रवेश नसतो. आत जायचा आग्रह धरू नका, घरी बोलावतील तिथे भेटा. लंगर, प्रसाद, तबर्रुक (दर्ग्यातला प्रसाद) दिला तर घ्या. तुमच्या श्रद्धेमुळे घेता येत नसेल तर तसं सरळ सांगा, लोक समजून घेतात.

आता बोलण्याबद्दल. क्रिस्टर स्टेंडाल या स्वीडिश धर्मगुरूंनी १९८५ मध्ये सांगितलेले तीन नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. दुसऱ्या धर्माबद्दल जाणून घ्यायचं तर त्याच्या अनुयायांना विचारा, विरोधकांना नाही. आपल्यातलं उत्तम आणि त्यांच्यातलं वाईट यांची तुलना करू नका. त्यांच्याकडचं काहीतरी आपल्याकडे असतं तर, असं वाटायला मनात जागा ठेवा. दुसरा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, आणि मोडणाऱ्याला ते कळतही नाही. आपल्या धर्माचं बोलताना ग्रंथ, दुसऱ्याच्या धर्माचं बोलताना वर्तमानपत्रातली बातमी. ग्रंथाशी ग्रंथ आणि गल्लीशी गल्ली ताडून पाहा.

एका माणसाला त्याच्या सबंध धर्माचा प्रवक्ता बनवू नका. दर्ग्यावर जाणं न पटणारे मुस्लिम आहेत, विपश्यनेला मुख्य न मानणारे बौद्ध आहेत, कॅथलिक आणि पेन्टेकोस्टल उपासनेत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वहीत ‘इस्लाम म्हणतो’ असं लिहू नका. कोणत्या वस्तीतल्या, कोणत्या परंपरेतल्या, किती वयाच्या माणसाने काय सांगितलं, ते लिहा. आणि बायकांशी बोला. मृत्यूच्या विधींबद्दल पुरुषांनी मला नियम सांगितले. घरात प्रत्यक्षात काय होतं ते काकू-आज्यांनी सांगितलं.

तुम्हाला आपल्या धर्मात यायचं निमंत्रण देणारेही भेटतील. रागावू नका. ज्याला आपला मार्ग खरा वाटतो तो निमंत्रण देणारच. ‘मी अभ्यासाला आले आहे, तुमचं ऐकलं, माझं हे असं आहे’ एवढं शांतपणे सांगितलं की बोलणं पुढे जातं. घरच्यांनाही काळजी वाटते. त्यांना एखाद्या भेटीला सोबत न्या, माझ्या आईची काळजी त्यानेच गेली.

वर्गात संवाद होत नसेल तर पाच-सहा जणांचा गट करा, वेगवेगळ्या परंपरांतला. दर भेटीत एकाने आपल्या ग्रंथातला छोटा उतारा आणायचा, इतरांनी प्रश्न विचारायचे, आणि त्याने आपल्या परंपरेचं कौतुक करण्याऐवजी त्यातली अडचण आधी सांगायची. हा शेवटचा नियम पाळला तर गट टिकतो.

९. वाचन

थोडंच, पण मुळातून. बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, विनोबांची सार-पुस्तकं आणि बायबलमधलं एखादं शुभवर्तमान अर्ज भरण्याआधी वाचून घ्या. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये इतर धर्मांविषयी काढलेलं ‘नोस्त्रा एताते’ पाच-सहा पानांचं आहे. २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती नेत्यांना लिहिलेलं खुलं पत्र त्याच्या शेजारी ठेवून वाचा. आणि मराठी विद्यार्थ्याने एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ सोडू नये. सोळाव्या शतकात लिहिलेल्या त्या भारुडात हिंदू आणि तुर्क (म्हणजे मुसलमान) एकमेकांच्या धर्मातली वैगुण्यं तोंडावर काढतात, कडाडून भांडतात आणि शेवटी समजुतीला येतात. संवाद कसा असावा यावर इतकं स्पष्ट लेखन आपल्या भाषेत असताना सगळी उदाहरणं बाहेरून आणायचं कारण नाही.

१०. लिहा, आणि लिहिलेलं दाखवा

धर्मांचे अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५९ मध्ये एक कसोटी मांडली: एखाद्या धर्माबद्दलचं विधान त्या धर्माच्या अनुयायांना आपलं म्हणून ओळखता आलं पाहिजे. हिला नुसतं उद्धृत करू नका, राबवा. प्रत्येक प्रकरणाचा कच्चा मसुदा ज्यांच्याबद्दल लिहिला त्यांच्यापैकी दोघांना वाचायला द्या किंवा वाचून दाखवा. ‘हे आमचं आहे’ आणि ‘असं आम्ही म्हणत नाही’ अशा दोन्ही खुणा समासात करा. तुमचं मत वेगळं असेल तर ते ठेवा, फक्त ते तुमचं आहे हे स्पष्ट दिसू द्या, आणि त्यांचा आक्षेप तळटीपेत नोंदवा. तोंडी परीक्षेत या तळटीपांवर हमखास प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडे तयार असतात. या कामाला निदान दीड महिना राखून ठेवा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात छपाईच्या धावपळीत ते राहून जातं.

११. पदवीनंतर

नेटच्या, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, विषययादीत ‘कंपॅरेटिव्ह स्टडी ऑफ रिलिजन्स’ हा स्वतंत्र विषय आहे, शिवाय ‘बुद्धिस्ट, जैन, गांधीयन अँड पीस स्टडीज’ आणि तत्त्वज्ञान. एम.ए. ज्या विषयात, नेट साधारण त्याच विषयात द्यायची असते, म्हणून दुसऱ्या विषयात बसण्याआधी माहितीपत्रक नीट वाचा. परीक्षा सहसा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात होते. पात्रतेसाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसाठी ३० वर्षांची वयोमर्यादा आहे, महिला आणि राखीव प्रवर्गांना त्यात पाच वर्षांची सूट मिळते.

प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत, हे घरी आधीच सांगून ठेवा. माझ्या ओळखीतले लोक शाळेत शिकवतात, अनुवाद करतात, सामाजिक संस्थांत आणि चर्चच्या संस्थांत काम करतात, एक जण वर्तमानपत्रात आहे. सोबत बी.एड. किंवा अनुवादाचा एखादा अभ्यासक्रम केला तर हात मोकळा राहतो. पीएच.डी.चा विचार असेल तर एम.ए.च्या मुलाखतींच्या वह्या, संमतीपत्रं आणि ध्वनिमुद्रणं तारीखवार लावून ठेवा, नवा प्रस्ताव लिहिताना त्याच लागतात.